एडिटिंगसाठी प्रोसेसर निवडताना : क्लिपपासून बिलापर्यंत

तुळशीची लग्नं लागली की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, दुकानात उभो आसंय. आय-सेव्हन घेव काय?"

मी विचारतो, कॅमेरा कुठला? "सोनीचो." सोनीचा कुठला? रेकॉर्डिंग कशात करतोस? एडिट कशात? मग पलीकडे सामसूम, आणि मागून दुकानदाराचा आवाज येतो, शेवटचा पीस आहे म्हणून.

कुडाळ असो, गुहागर असो की अलिबाग, सगळीकडे क्रम उलटाच. आधी प्रोसेसर, मग त्यावर बसेल तो बोर्ड, उरलेल्या पैशांत रॅम आणि डिस्क. स्वतःच्या फाइलची ओळख सगळ्यात शेवटी होते, पहिलं लग्न टाइमलाइनवर टाकल्यावर. खाली क्रम सरळ करून दिला आहे. रुपयांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, ते दर महिन्याला हलतात.

## तयारी : दुकानात जायच्या आधी

पेन ड्राइव्हवर तीन क्लिप घ्या. एक मुख्य कॅमेऱ्याची, एक ड्रोनची, एक मोबाइलची, प्रत्येकी मिनिट-दोन मिनिटांची. क्लिप मेमरी कार्डावरून थेट कॉपी केलेली हवी. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप चालणार नाही, ती वाटेत पुन्हा दाबली जाते आणि मूळ फाइलबद्दल काहीच सांगत नाही.

कागदावर तीन गोष्टी लिहा. सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती. तुमचं नेहमीचं सगळ्यात जड काम, म्हणजे "तीन कॅमेरे, सहा तासांचं फुटेज, चाळीस मिनिटांची फिल्म" असं. आणि घरच्या यूपीएसवर लिहिलेला व्हीएचा आकडा. हा तिसरा बहुतेक जण वगळतात, तो सहाव्या टप्प्यात लागतो.

## टप्पा १ : आपली फाइल ओळखा

मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्यात क्लिप उघडा. भरपूर ओळी दिसतील. त्यांतल्या पाच उतरवून घ्या.

फॉरमॅट : एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५.

बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक नोंदल्या) : ८ की १०.

क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती राखली, ४:२:२ मध्ये जास्त) : ४:२:० की ४:२:२.

फ्रेम रेट मोड (सेकंदाला फ्रेम सारख्याच की कमीजास्त) : कॉन्स्टंट की व्हेरिएबल.

बिट रेट : सेकंदाला किती मेगाबिट.

प्रोसेसरची अर्धी निवड या पाच ओळींतच होते. कारण असं : एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते, बाकीच्यांत फक्त "मागच्यापेक्षा काय बदललं" एवढी नोंद. टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी क्लिक केलंत की मशीनला मागे जाऊन सगळा हिशेब जुळवत ती फ्रेम उभी करावी लागते. हे काम करण्यासाठी ग्राफिक्सच्या चिपमध्ये वेगळा भाग असतो. त्याला तुमची फाइल वाचता आली तर प्रोसेसर निवांत. वाचता आली नाही तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्यातल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांवर, आणि मग सोळा कोअरही धापा टाकतात.

आता कोणाला काय वाचता येतं ते पाहू.

एच.२६४, ८-बिट, ४:२:० : गेल्या दहा वर्षांतलं जवळजवळ काहीही चालेल. सोनीच्या ए-सेव्हन-थ्रीसारखे कॅमेरे आणि डीजेआयच्या मिनी २ सारखे ड्रोन इथे येतात.

एच.२६५, १०-बिट, ४:२:० : इंटेलचं सातव्या पिढीपासूनचं इनबिल्ट ग्राफिक्स वाचतं, एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिकेपासूनची कार्डंही वाचतात.

एच.२६५, १०-बिट, ४:२:२ : इथे गाडी अडते. डेस्कटॉपवर इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं इनबिल्ट ग्राफिक्स, इंटेलचीच आर्क कार्डं, ॲपलच्या एम चिप आणि एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका, एवढ्यांना जमतं. आरटीएक्स २०, ३० आणि ४० मालिकांना जमत नाही, कार्ड कितीही महागाचं असो. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मधल्या छोट्या इनबिल्ट ग्राफिक्सलाही नाही.

एच.२६४, १०-बिट, ४:२:२ : सगळ्यात त्रासदायक. इंटेलला १४व्या पिढीपर्यंत हे वाचता येत नाही. आरटीएक्स ५० मालिकेला येतं.

आता शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. सोनीच्या मेनूत एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. ए-सेव्हन-फोरवर १०-बिट ४:२:२ मध्ये एस निवडून आणलेलं फुटेज घरच्या इंटेलवर अडखळतं. तेच एचएसमध्ये आणलं असतं तर सुरळीत चाललं असतं. एक पैसा न घालवता, नुसत्या मेनूतून सुटणारा प्रश्न आहे हा. मात्र एचएसमध्ये सगळे फ्रेम रेट मिळत नाहीत, तेव्हा आधी स्वतःच्या कॅमेऱ्याचा मेनू पाहा.

माझं मत विचाराल तर पाच तासांच्या लग्नविधीला ४:२:२ लागतच नाही. अंतरपाट, मंगलाष्टका, जेवणावळी हे सगळं ८-बिट ४:२:० मध्ये छान दिसतं, फाइलही लहान राहते. शिमग्यात गुलालात न्हालेली पालखी, किंवा रात्री दोन वाजता हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात चाललेला दशावतार, असं रंगांची ओढाताण करावी लागणारं काम असेल तेव्हा १०-बिट ४:२:२ कामाला येतं. सगळं त्यातच शूट करायचं आणि मग मशीनला शिव्या द्यायच्या, हा निव्वळ हौसेचा भुर्दंड.

तपासा : मोबाइलच्या क्लिपचा फ्रेम रेट मोड व्हेरिएबल आला का? मग तासाभराच्या भजनात आवाज आणि ओठ हळूहळू फाकत जातील. नवा प्रोसेसर आणून हे सुटत नाही. हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका.

## टप्पा २ : सॉफ्टवेअर कोणाच्या खांद्यावर ओझं टाकतं

प्रीमियर प्रो प्रोसेसरवर आणि इंटेलच्या क्विक सिंकवर बराच विसंबतो. क्विक सिंक म्हणजे इनबिल्ट ग्राफिक्समधला तोच फाइल वाचणारा भाग. रॅमसाठी अडोबीची स्वतःची शिफारस एचडीला १६ जीबी आणि फोर-केला ३२ जीबी किंवा जास्त अशी आहे, आणि ती अतिशयोक्ती मुळीच नाही.

दाविंची रिझॉल्व्हचा जीव ग्राफिक्स कार्डात. कलर, नॉइज रिडक्शन, इफेक्ट्स सगळं तिथे. बजेट तुटपुंजं असेल आणि काम रिझॉल्व्हवर असेल तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. मोफत आवृत्तीतून फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६०, ६० फ्रेमपर्यंतच एक्सपोर्ट मिळतो. ती लिनक्सवर टाकायचा विचार असेल तर तिथे मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाही, हे आधी लक्षात घ्या. विंडोजवरही मोफत आणि स्टुडिओ आवृत्तीत हार्डवेअर डिकोडिंगचा फरक आहे. म्हणून मित्राच्या स्टुडिओ आवृत्तीवर काय पळतं ते बघून स्वतःचं मशीन ठरवू नका.

आफ्टर इफेक्ट्सला रॅम लागते, मग अजून रॅम लागते. लग्नाच्या टायटलपुरता वापर असेल तर त्याचा वेगळा विचार करण्याचं कारण नाही.

## टप्पा ३ : जुन्या मशीनची नाडी बघा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि पैसे वाचायचे तर इथेच वाचतात.

सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा. दुसरीकडे विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स टॅब लावा. टाइमलाइन एक मिनिट चालवा आणि नुसतं बघत राहा.

सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ९० टक्क्यांच्या वर आणि जीपीयूमधला (म्हणजे ग्राफिक्समधला) व्हिडिओ डिकोडचा आलेख जमिनीवर सपाट : फाइल वाचण्याचं काम प्रोसेसर एकटा करतोय. टप्पा १ कडे परत जा.

मेमरी ९५ टक्के : रॅम टाका, प्रोसेसर राहू द्या.

डिस्क १०० टक्के : एसएसडी घ्या.

जीपीयूचा थ्रीडी आलेख छताला : इफेक्ट्सचं ओझं आहे, कार्डाचा विचार करा.

सीपीयू ३० टक्के, बाकी सगळं शांत, तरी अडकतंय : केबल आणि पोर्ट बघा.

हे शेवटचं गंमत म्हणून लिहिलेलं नाही. दापोलीच्या एका मित्राने मल्टिकॅम अडकतो म्हणून प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही बदलले. नव्या मशीनवरही तेच. मी गेलो, बघितलं, तर बाहेरची डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टात खोचलेली. हिशेब सोपा आहे : १०० मेगाबिटची एक क्लिप म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे एकदम चालले की सेकंदाला ३७.५ मेगाबाइट. यूएसबी २.० प्रत्यक्षात तीस-पस्तीसच्या पुढे फारसं जात नाही. डिस्क काढून मागच्या निळ्या, यूएसबी ३.०च्या पोर्टात लावली आणि टाइमलाइन चालू लागली. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग चहा ठेवला.

लक्षात ठेवा : प्रॉक्सी, म्हणजे कटिंगपुरती बनवलेली फाइलची हलकी नक्कल, ही हरलेल्याची वाट नाही. प्रोजेक्ट जड असेल तर रात्री झोपताना डीएनएक्सएचआर एलबी किंवा प्रोरेस प्रॉक्सीमध्ये, अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी बनवायला लावा. सकाळी जुन्या मशीनवरही कटिंग सुरळीत होतं. वर्षाला दहा-बारा लग्नं करणाऱ्याला नव्या प्रोसेसरपेक्षा ही सवय जास्त उपयोगी पडते.

## टप्पा ४ : नावाचं शेपूट वाचा

"आय-सेव्हन" हे आडनाव झालं. माणूस कळायला पूर्ण नाव लागतं. आधी पिढी बघा : १२४०० मधले पहिले दोन आकडे, म्हणजे १२वी पिढी. मग शेवटचं अक्षर.

एफ किंवा केएफ : इनबिल्ट ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंक नाही.

के : ओव्हरक्लॉक करता येतो, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो, जास्त वीज खातो.

शेवटी काहीच नाही : साधा, ६५ वॉटचा, इनबिल्ट ग्राफिक्ससह. आपल्याकडे बहुतेकांना हाच हवा असतो.

रायझनमध्ये ५६००एक्सला इनबिल्ट ग्राफिक्स नाही, ५६००जीला आहे. ७००० मालिकेत बहुतेकांना आहे, पण ७५००एफसारखे शेवटी एफ असलेले वगळून.

या एफने माझी जिरवली आहे. काउंटरवर मला सांगितलं गेलं, "तुमच्याकडे कार्ड आहेच, इनबिल्टचे पैसे कशाला घालवता?" ऐकायला इतकं पटणारं होतं की मी एफवाला उचलला आणि वाचलेल्या पैशांत कुटुंबाला मासे खाऊ घातले. कार्ड आरटीएक्स ३० मालिकेतलं. पुढच्या आठवड्यात एच.२६५ ४:२:२ मधली हळद आली. नवरीच्या गालाला हळद लागतानाच्या शॉटवर प्ले दाबलं की चित्र गोठायचं, आवाज पुढे जायचा, करवल्यांचं हसू ऐकू यायचं आणि पडद्यावर बोट गालापासून दोन इंचांवर थांबलेलं. तो मोसम मी प्रॉक्सीवर काढला आणि पावसाळ्यात प्रोसेसर घाट्यात विकला.

लॅपटॉपमध्ये शेपूट आणखी महत्त्वाचं. यू म्हणजे कमी विजेचा, हलक्या लॅपटॉपचा. एच आणि एचएक्स म्हणजे जड कामाचा. आय७-१३५५यूमध्ये मोठे कोअर फक्त २ असतात आणि छोटे ८. आय५-१३५००एचमध्ये मोठे ४, छोटे ८. लांबलचक एक्सपोर्टला हा आय५ त्या आय७ ला सहज मागे टाकतो. दुकानातल्या स्टिकरवर मात्र मोठ्या अक्षरात "आय७" एवढंच असतं.

तपासा : कोटेशनवर मॉडेलचं पूर्ण नाव शेपटासकट लिहून घेतलंत का? "आय५ १२वी पिढी" असं मोघम लिहिलेलं कोटेशन परत करा.

## टप्पा ५ : कोअर किती, मॉडेल कुठलं

आता कुठे मॉडेलकडे वळायचं.

रील, भजन, एका कॅमेऱ्याचा बारसं-साखरपुडा, ८-बिट फुटेज : आय५-१२४०० पुरे, ६ कोअर. थोडा फरक देऊन १२५०० मिळाला तर तो घ्या, कारण त्याच्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये फाइल वाचणारी दोन इंजिनं आहेत, १२४०० मध्ये एक.

तीन कॅमेऱ्यांची लग्नं, प्रीमियर, एच.२६५ ४:२:२ : आय५-१३५०० किंवा १४५००, दोन्ही १४ कोअरचे. नव्या सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जायचं असेल तर कोअर अल्ट्रा ५ २४५के, तोही १४ कोअरचा. काम खूप असेल आणि वेळेला पैसा मिळत असेल तर आय७-१४७०० किंवा अल्ट्रा ७ २६५के, दोन्ही २० कोअरचे.

रिझॉल्व्ह आणि आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड : रायझन ७ ७७००, ८ कोअर. फाइल वाचण्याचं काम कार्ड करतं, मग क्विक सिंकवाचून काही अडत नाही. शिवाय एएम५ सॉकेटला एएमडीने किमान २०२७ पर्यंत पाठिंबा जाहीर केला आहे, त्यामुळे पुढे बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल.

बारा-सोळा कोअरचे रायझन ९ किंवा आय९ कोणी घ्यावेत? ज्यांच्याकडे दिवसभर एक्सपोर्टची रांग लागलेली असते त्यांनी. टाइमलाइनवर कट मारण्याचा वेग कोअर दुप्पट केल्याने दुप्पट होत नाही. आठ-दहाच्या पुढे तो फरक हाताला फारसा जाणवत नाही.

मॅकबद्दल थोडक्यात. एम४चा मॅक मिनी १६ जीबीपासून मिळतो, वीज नावाला खातो आणि ४:२:२ एच.२६५ सहज चालवतो. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि बिघडला तर जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, घाट उतरून परत यायला किती दिवस जातील, हे आधी शोधा. मोसमात मशीन आठवडाभर कोल्हापूरला अडकलं तर स्वस्तात घेतलेलं महागात पडतं.

## टप्पा ६ : उष्मा, खारी हवा आणि वीज

ऑनलाइन दिसणाऱ्या चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत, २१-२३ अंशांत केलेल्या असतात. मे महिन्यात मालवणात खोलीचं तापमान सरळ ३३ असतं. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा काही ठरावीक अंश वर रोखून धरतो, त्यामुळे तिथले ७८ अंश आपल्याकडे ९० च्या घरात जातात. डेस्कटॉप इंटेलची १२वी ते १४वी पिढी १०० अंशांला आणि रायझन ७००० मालिका ९५ ला स्वतःचा वेग उतरवू लागते. म्हणजे महाग प्रोसेसर घेऊन तो अर्ध्या दमाने चालवायचा.

म्हणून आपल्याकडे वॉटचा आकडा कोअरच्या आकड्याआधी बघावा. आय९-१४९००के जोरात चालला की २५३ वॉटपर्यंत खेचतो. रायझन ७ ७७०० कितीही ताणला तरी ८८ वॉटच्या आसपास थांबतो, आणि १२ कोअरचा रायझन ९ ७९००सुद्धा तेवढ्यातच. एसी नसलेल्या खोलीत काम असेल तर मी डोळे झाकून या, कागदावर ६५ वॉट लिहिलेल्या, रायझनच्या वर्गातला प्रोसेसर सुचवेन.

आता तो यूपीएसचा कागद काढा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. प्रोसेसर ८८, आरटीएक्स ५०६० चे १४५, बोर्ड-डिस्क-पंख्यांचे साठेक, मॉनिटरचे तीस. झाले ३२३. चालेल, पण काठावर, आणि लगेच सेव्ह करून बंद करावं लागेल. त्याच जागी २५३ वॉटचा आय९ बसवा : वीज गेल्याक्षणी यूपीएस एकदाच किंचाळतो आणि सगळं काळोखात. नव्वद टक्क्यांवर आलेला एक्सपोर्ट गेला. मोठं मशीन घेणार असाल तर एक केव्हीएचा, ६०० वॉटचा यूपीएस त्याच बजेटात धरा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे याची खात्री करा. स्क्वेअर वेव्हवर चांगल्या प्रतीचे एसएमपीएस, म्हणजे मशीनचे पॉवर सप्लाय, कुरकुरतात.

आणि धूळ. चिऱ्याच्या घरात, त्यातून भिंतीला गिलावा नसेल तर, जांभ्याची तांबडी पूड सगळीकडे बसते. समुद्राकडच्या घरात तिला खारट ओलावा मिळतो. दोन वर्षांनी कूलर काढून पाहा : पात्यांच्या मधोमध तपकिरी, चिवट थर बसलेला असतो, ब्लोअरने उडत नाही, टूथब्रशने खरवडावा लागतो. म्हणून कॅबिनेट पुढून जाळी असलेली आणि ती जाळी काढून धुता येईल अशी घ्या. जमिनीवर ठेवू नका, वीतभर उंच ठेवा.

सावधान : पावसाळ्यात मशीन पंधरा दिवस बंद ठेवू नका. काम नसलं तरी रोज अर्धा तास चालू करा, आतला ओलावा निघून जातो. मेअखेरच्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटात मात्र प्लग आणि लॅनची केबल, दोन्ही उपटून ठेवा.

तपासा : कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? अर्थिंग मेलं आहे. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन सुकते आणि अर्थिंगचा खड्डाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर नवीन मशीन त्या प्लग पॉइंटवर लावू नका.

## टप्पा ७ : बोर्ड आणि रॅम

इथे फार वेळ नको. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीसाठी डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही बोर्ड मिळतात. जुनी डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर तिचा बोर्ड घेऊन पैसे वाचवा. रायझन ७००० आणि कोअर अल्ट्रा २०० यांना फक्त डीडीआर५ चालते. रॅम नेहमी जोडीने घ्या : ३२ ची एक काडी घेण्यापेक्षा १६ च्या दोन.

सगळ्यात स्वस्त बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवणं म्हणजे होडीला ट्रकचं इंजिन. वीज पुरवणारे भाग तापतात, आणि प्रोसेसर ठीक असूनही वेग उतरतो.

## टप्पा ८ : काउंटरवर

कोल्हापूर, पुणे, लॅमिंग्टन रोड, कुठूनही घ्या, पण या गोष्टी तिथेच उभं राहून करा.

बॉक्स पीस मागा, ट्रे पीस (कंपनीच्या खोक्याशिवाय सुटा विकलेला) नको. ट्रे पीसची वॉरंटी बहुधा विकणाऱ्याच्या शब्दावर असते, आणि त्यासाठी पुन्हा आंबा घाट चढावा लागतो.

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

बोर्डाचं सॉकेट उघडून मोबाइलचा टॉर्च मारून तिरकं बघा. पिनांच्या रांगा शेतातल्या रोपांसारख्या एकसारख्या दिसायला हव्यात. एखादी जरी वाकडी दिसली तर बोर्ड बदलून घ्या. घरी आल्यावर ती तुम्हीच वाकवली असं ठरतं.

सेकंडहँड घेणार असाल तर एक जास्तीची काळजी. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या आय५-१३६००के आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजने अस्थिर होण्याचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये कंपनीने बायोसमधून (मशीन सुरू करणारं, बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) येणारी मायक्रोकोड दुरुस्ती दिली आणि बॉक्स पीसची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर या दुरुस्तीने बरा होत नाही. बायोस कधी अपडेट केला हे सांगता न येणाऱ्या माणसाकडून वापरलेला आय९ घेऊ नका.

## टप्पा ९ : घरी आणल्यावर, पहिल्या आठवड्यात

एक. बायोस अपडेट करा. वीज स्थिर असताना, यूपीएसवर, सकाळी. मध्येच वीज गेली तर बोर्डच जातो.

दोन. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की पुष्कळ बोर्ड इनबिल्ट ग्राफिक्स आपोआप बंद करतात. मग क्विक सिंकसाठी पैसे मोजूनही ते झोपलेलं. बायोसमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स किंवा मल्टी-मॉनिटर अशा नावाचा पर्याय शोधून चालू करा. विंडोजमध्ये आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये दोन जीपीयू दिसले पाहिजेत. दोघांचे ड्रायव्हर टाका.

तीन. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना ते पाहा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

चार. रॅमचा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू करा. नाही तर महाग रॅम मूळच्या कमी वेगावरच चालत राहते.

पाच. पेन ड्राइव्हवरच्या त्याच तीन क्लिप टाइमलाइनवर टाका आणि टप्पा ३ मधली नाडीपरीक्षा पुन्हा करा. व्हिडिओ डिकोडचा आलेख आता हलला पाहिजे. तो सपाटच असेल तर दुसऱ्या मुद्द्याकडे परत.

सहा. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवा आणि अर्ध्या तासाचा एक्सपोर्ट लावा. दुपारी दोन वाजता, खिडक्या नेहमीसारख्या, पंखा नेहमीसारखा. रात्रीच्या गारव्यात केलेली चाचणी तुमची तुम्हालाच फसवते. तापमान ९० च्या खाली राहिलं आणि प्रोसेसरचा वेग शेवटच्या पाच मिनिटांतही पहिल्या पाच मिनिटांएवढा असला, तर आकड्यांचा स्क्रीनशॉट काढून बिलाच्या फोटोबरोबर ठेवा. वेग मध्येच पडला तर कूलरचे चारही स्क्रू सारखे आवळले आहेत का, आणि कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलं होतं का, ते आधी बघा. तुम्ही हसाल, पण मी ते प्लास्टिक तीन जणांच्या मशीनमधून स्वतःच्या हाताने काढलं आहे.